लहानपणीच्या मारामुळे देवाकडे वळले असेन तर ती भक्ती खरी का?

कोरापाटी:

बरेच दिवस लिहू का नको करत होते, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या. मारहाणीबद्दल आहे, कुणाला वाचून त्रास होणार असेल तर इथेच थांबा.

आमच्याकडे बाबा मारायचे. "आमच्या वेळी सगळ्यांनाच मार बसायचा" त्यातला मार नव्हे. पट्टा, बंद खोली आणि नंतर कित्येक दिवस अबोला. आईला सगळं माहीत असायचं, ती तेवढा वेळ नळ मोठा सोडून भांडी घासत बसायची. मी आता चाळिशीला आलेय, थेरपी चालू आहे, त्या बाजूने बरं चाललंय.

माझा प्रश्न ध्यान-जपाबद्दल आहे. विशीत असताना मी यात पडले आणि तेव्हापासून रोज सकाळी बसते. कितीही वाईट दिवस असो, सकाळी बसलं की सगळं लांब जातं, शांत वाटतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली असं कुणी विचारलं असतं तर मी हीच सांगितली असती. मध्यंतरी थेरपिस्टने विचारलं की मार चालू असताना तुम्ही मनात काय करायचात. मी म्हटलं उलटे आकडे म्हणायचे, शंभरापासून खाली, हळूहळू आवाज लांब जायचा, आणि मग मी छताजवळ कुठेतरी आहे नि खाली कुणातरी दुसऱ्याच मुलीला मार बसतोय असं वाटायचं. आणि हे सांगता सांगताच माझ्या डोक्यात लख्ख पडलं की सकाळी जप करताना मी नेमकं हेच करते. तीच लय, तसंच लांब जाणं, फक्त आकड्यांच्या जागी नाम आलंय.

तेव्हापासून बसले की मनात संशय. ज्याला मी इतकी वर्षं साक्षीभाव समजत होते ते म्हणजे फक्त लहानपणी शिकलेलं पळून जाणं का?

दुसरं, ज्या गुरूंकडे मी जाते (नाव सांगत नाही, विचारूही नका) त्यांचा आवाज जरा चढला की माझे खांदे आपोआप वर येतात, आणि तरी त्यांनी कौतुकाचा एक शब्द बोलावा म्हणून मी जिवाचा आटापिटा करते. हे नातं कुठेतरी ओळखीचं वाटतंय आणि ते मला आवडत नाहीये.

तिसरं, तिथल्या एक-दोघींना विश्वासाने सांगितलं तर एकीने "मागच्या जन्मीचं देणं होतं गं, फिटलं म्हण" आणि दुसरीने "वडिलांना क्षमा केल्याशिवाय पुढची पायरी नाही" असं सुनावलं. घरी येऊन मला उलटी झाली, खरंच.

तर, हे सगळं सोडू का? आणि मुळात जखमेतून आलेली भक्ती खरी असते का?

---

सांजवारा:

कोरापाटी, लिहिलंत हे बरं केलंत. मी या विषयात थोडं शिकलेय, पण इथे थेरपिस्ट म्हणून बोलत नाहीये, तुमच्या आहेतच.

जखमेतून देवाकडे जाणं हे इतकं सर्रास आहे की मानसशास्त्रात त्यावर चिक्कार काम झालंय. फ्रॉइडने १९२७ मध्ये देव म्हणजे मोठा केलेला बाप असं म्हणून विषय निकालात काढला होता, पण नंतरच्या लोकांनी तो जास्त नीट पाहिला. रिझुटो नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी १९७९ मध्ये मांडलं की मूल आईबापांच्या अनुभवातून देवाची एक खाजगी मूर्ती मनात घडवतं, पण ती तिथेच गोठत नाही, माणूस ती आयुष्यभर घडवत मोडत राहतो. म्हणजे शिकवलेला देव प्रेमळ असला तरी आतला देव पट्टा घेऊन उभा असू शकतो.

बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाचा अटॅचमेंटचा सिद्धांत ऐकला असेल, मूल घाबरलं की ज्या माणसाकडे धावतं त्याच्याशी असलेल्या नात्याबद्दलचा. कर्कपॅट्रिक आणि शेव्हर यांनी १९९० मध्ये तो धर्माला लावून पाहिला, पुढे स्वीडनच्या ग्रँक्विस्टने बरंच काम केलं. त्यातून ढोबळमानाने दोन वाटा दिसतात. ज्यांचं घर सुरक्षित होतं ते बहुतेक घरातलीच श्रद्धा उचलतात, आणि घर धार्मिक नसेल तर तेही तसेच होतात, फारसे चढउतार नाहीत. ज्यांचं घर असुरक्षित होतं त्यांच्यात मात्र अचानक श्रद्धा उफाळून येणं जास्त दिसतं, तेही बहुधा एखाद्या संकटात, ब्रेकअप वगैरेनंतर. घरात जे मिळालं नाही ते माणूस देवात शोधतो. याला भरपाई म्हणतात.

आता भरपाई म्हटलं की लोकांना ते खोटं वाटतं, इथेच मला वाद घालायचाय. तहान लागली म्हणून पाणी शोधलं तर पाणी खोटं ठरत नाही. भक्ती कशातून सुरू झाली यावरून ती खरी की खोटी हे ठरतच नाही, आज ती तुमचं काय करतेय ते बघायला लागतं.

एक किस्सा सांगते. सॅन दिएगोत फेलिट्टी नावाचे डॉक्टर ऐंशीच्या दशकात वजन कमी करण्याचं क्लिनिक चालवत होते आणि त्यांना कोडं पडलं की ज्यांचं वजन झपाट्याने उतरतंय तेच लोक मध्येच सोडून का जातायत. बोलल्यावर कळलं की त्यातल्या कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. आपण ज्याला आजार समजतोय तो लठ्ठपणा त्यांच्यासाठी संरक्षण होतं. त्यातूनच पुढे १९९८ चा तो गाजलेला एसीई अभ्यास आला, बालपणातले वाईट अनुभव आणि मोठेपणीची दुखणी यांचा संबंध दाखवणारा. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की बाहेरून जी अडचण दिसते ती कुणाच्या तरी आतला उपाय असते, तो ओढून काढायचा नसतो. तुमचे उलटे आकडे हा उपाय होता, त्याने एका लहान मुलीला जिवंत ठेवलं.

---

तिरकस:

मी नास्तिक आहे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको.

माझी गोष्ट उलटी आहे. मला ज्याने त्रास दिला तो नात्यातलाच, आणि तो भयंकर देवभक्त होता. प्रार्थना संपवून उठायचा आणि मग. बाकी लिहीत नाही. त्यामुळे आजही कुणी डोळे मिटून हात जोडले की मला आधी दरवाजा कुठे आहे ते बघावंसं वाटतं. देवाने वाचवलं नाही ही तक्रार वेगळी, माझी तक्रार अशी की सगळ्यांनी त्याला वाचवलं, आणि कशाच्या जोरावर, तर "एवढा धार्मिक माणूस असं करेल का". त्याची भक्ती हीच त्याची अलिबाय होती.

तुमच्यासारखे लोक देवाकडे धावतात, माझ्यासारखे देवापासून पळतात, दोघंही धावतायत त्याच घरातून, एवढं मला कळतं. थेरपीत मी एकदा म्हणालो होतो की मला प्रार्थनेची भूक लागते पण ते अन्न माझ्यासाठी नासवून ठेवलंय. थेरपिस्ट बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, हे दुःख वेगळं धरूया, बाकीच्यात मिसळायला नको. मला ते फार पटलं. देव गमावणं हे पण एक नुकसानच असतं, ते कुणी मोजत नाही. आस्तिक म्हणतात परत ये, नास्तिक म्हणतात सुटलास, रडू कुणीच देत नाही.

आता तुमच्या गुरूंबद्दल. मला अध्यात्मातलं शष्प कळत नाही, पण दादागिरी मी लांबून ओळखतो. एक छोटं काम करून बघा. कुठल्यातरी फालतू गोष्टीला नाही म्हणा. सेवेला यायला जमणार नाही, एवढंच, कारण न देता. आणि मग काय होतं ते बघा.

---

रातकिडा:

जप आणि छताजवळ जाणं हा जो मुद्दा आहे त्यावर मला लिहायचंय कारण मी यातून गेलोय आणि यावर मराठीत कुणी बोलतच नाही.

मी मौन शिबिरं करायचो. तिथे शरीरावरून लक्ष फिरवायला सांगतात, डोक्यापासून पायापर्यंत. माझं लक्ष मानेखाली आलं की पुढे काहीच नाही, छाती नाही, पोट नाही, हात कुठे ठेवलेत ते कळत नाही. मी शिक्षकांना सांगितलं तर ते खुश, म्हणे देहभाव गळतोय. मलाही भारी वाटलं. प्रत्यक्षात माझं शरीर तिथे जायला तयारच नव्हतं कारण तिथे जे झालं होतं ते अजून तिथेच बसलेलं होतं. पुढच्या एका शिबिरात ते एकदम वर आलं, रात्रभर थरथर, दार बंद असलं की श्वास अडकायचा, आणि मला सांगण्यात आलं की संस्कार, म्हणजे मनात साठलेले जुने ठसे, बाहेर पडतायत, बसून राहा. बसून राहिलो. नंतर किती तरी महिने मी माणसात नव्हतो.

आता यावर अभ्यास होतायत. ब्राऊन विद्यापीठातल्या लिंडाल आणि ब्रिटन यांनी २०१७ मध्ये ६० ध्यान करणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती छापल्या. त्यात भीती, जुन्या आघाताच्या आठवणी उसळणं, भावना बधिर होणं, आपण आपणच नाही असं वाटणं हे सगळं आहे. आणि हे फक्त आधी आघात झालेल्यांनाच होतं असंही नाही, ज्यांच्या इतिहासात तसलं काही नव्हतं त्यांनाही झालेलं आहे. म्हणजे ध्यान वाईट असं मी म्हणत नाहीये, मी आजही बसतो. पण औषधाला मात्रा असते तशी यालाही असते हे शिबिरात कुणी सांगत नाही.

साक्षीभाव आणि डिसोसिएशन, म्हणजे त्रास सहन होत नाही म्हणून मनाने तिथून सुटून लांब जाणं, यातला फरक मला जो कळला तो असा. मी आतून सुटून गेलेलो असलो की नंतर सगळं सपाट असतं. बायको काहीतरी सांगते आणि ते ऐकूनही उरत नाही, चहा गार होतो, वेळ कुठे गेला कळत नाही, कुणी वाईट बोललं तरी काहीच वाटत नाही आणि मला ते मोठं आध्यात्मिक यश वाटायचं. खरा साक्षीभाव असला की उलट होतं, राग आला तर राग येतोय हे पोटात जाणवतं, मी तिथे असतो, फक्त त्याच्या हातात लगाम नसतो. एकात तुम्ही घर सोडून गेलेले असता आणि दुसऱ्यात घरातच बसून असता.

काय बदललं तर, डोळे अर्धे उघडे ठेवतो. श्वासावर लक्ष दिलं की मला घाबरायला होतं म्हणून पायाचे तळवे जमिनीला टेकलेत तिथे लक्ष, नाहीतर खोलीतले आवाज. कमी वेळ. मध्ये मध्ये मान फिरवून खोली बघतो, आज कुठला वार आहे, मी कितीचा आहे. बरंच विचित्र वाटतं पण चालतं. जप मोठ्याने केला तर मनातल्यापेक्षा बरा, कारण आवाजाला छाती लागते. तुमच्या थेरपिस्टशी बोलूनच करा मात्र, माझं तुम्हाला लागू होईलच असं नाही.

---

कोरापाटी:

रातकिडा, "वेळ कुठे गेला कळत नाही" वाचून मी फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. माझा मुलगा म्हणतो आई सकाळी तुझ्याशी बोलून उपयोग नसतो. मी ते कौतुक समजत होते.

सगळंच तसं नाहीये पण. कधी कधी जपात मला खरंच कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं, उबदार, आणि तेव्हा मी छताजवळ नसते, अगदी इथे असते आणि बहुतेक वेळा रडते. म्हणजे दोन्ही आहे का माझ्यात?

आणि कर्माचं कुणी बोललं नाही अजून.

---

आक्का६८:

दोन्ही असतं बाळा. मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून बाळा म्हणतेय, राग मानू नकोस. जिथे रडू येतं तिथे जप चालू ठेव, एवढं माझं मत.

कर्माबद्दल मी बोलते कारण ते मला पण ऐकवलंय. माझा कर्मावर विश्वास आहे आणि तरीही सांगते, एखाद्या पोराला मार बसला तर ते त्याच्या मागच्या जन्माचं फळ हे वाक्य क्रूर तर आहेच, पण शास्त्राच्या नावाने खपवलं जातं तितकं सरळही नाही. पाली त्रिपिटकातल्या संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच असं काही जण म्हणतात, आपलं काय मत. बुद्ध म्हणतो त्यांचं चुकतंय. आणि तो वेदनांची आठ कारणं सांगतो, पित्त, कफ, वात, तिन्हीचा संयोग, ऋतुबदल, निष्काळजी वागणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. आघात हे वेगळं कारण म्हणून मोजलंय बघ. कुणीतरी मारलं म्हणून दुखतंय, बस. तुझ्या त्या मैत्रिणीला हे ऐकव, नाहीतर नको ऐकवू, जाऊ दे तिकडे.

आणि समजा कर्म धरलंच, तरी हात उचलणाऱ्याचं कर्म कुठे गेलं मग? ते कधीच कुणी काढत नाही. हिशेब नेहमी मार खाणाऱ्याच्याच वहीत.

क्षमेचं. जुडिथ हर्मन म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांशी नातं जोडणं. त्यात मारणाऱ्याला क्षमा करणं ही पायरीच नाहीये. लोकांना तुझी क्षमा हवी असते कारण मग त्यांना कुणाची बाजू घ्यायला लागत नाही. मी माझ्या सावत्र आईला क्षमा केलेली नाही. ती गेली तेव्हा मी रडले पण. आणि माझी पूजा कुठे अडली नाही. उलट मी देवाशी भांडायला लागले तेव्हापासून ती जास्त मनापासून व्हायला लागली. आधी मी देवासमोर पण शहाण्या मुलीसारखी बसायचे, चूक सापडू नये म्हणून.

अजून एक, मला देवाला बाप म्हणता आलं नाही कधी. माउली म्हणणं पण जड जायचं, तुला कळेल का ते. शेवटी मी त्याला सखा म्हणते. चालतं त्याला.

---

बिनधास्त_बोल:

सगळ्यांचं वाचलं पण मला वाटतं आपण जरा अतीच चिरफाड करतोय. तिला जपाने बरं वाटतंय ना, मग वाटू द्या की. प्रत्येक गोष्टीच्या मागे ट्रॉमा शोधायचा म्हणजे उद्या कुणी नुसतं शांत बसलं तरी डिसोसिएशन म्हणाल. आणि बापाचं वय झालं असेल, किती दिवस उगाळत बसणार?

---

सांजवारा:

पहिल्या अर्ध्याशी मी सहमत आहे बरं का. सगळ्या शांततेवर संशय घ्यायला लागलं की तो पण एक आजारच. पण इथे संशय आपण आणलेला नाही, त्यांच्याच मनात आलाय आणि त्यांना तो तपासायचाय.

दुसऱ्या अर्ध्याला मात्र नाव आहे. जॉन वेलवूड म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः बौद्ध साधक, त्यांनी ऐंशीच्या दशकात स्पिरिच्युअल बायपासिंग हा शब्द आणला. न निस्तरलेल्या भावनांना अध्यात्माच्या पुलावरून वळसा घालून जायचं. "उगाळू नका, सोडून द्या, सगळं माया आहे" हे त्याचंच रूप, फक्त इथे साधक स्वतः वळसा घालत नाही, आजूबाजूचे त्याला तिकडे हाकतात कारण त्यांना ऐकवत नाही.

कोरापाटी, पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन पण बघता आलं तर बघा. संकटात माणूस धर्माचा आधार दोन तऱ्हांनी घेतो असं ते सांगतात. देव माझ्याबरोबर आहे ही एक, आणि देव मला शिक्षा देतोय, त्याने मला टाकलंय ही दुसरी. दुसऱ्या तऱ्हेचा संबंध नैराश्याशी आणि एकूणच जास्त त्रासाशी दिसतो. मागच्या जन्मीचं देणं हे दुसऱ्या खात्यातलं वाक्य आहे, त्यामुळे उलटी झाली यात नवल काही नाही.

---

कोरापाटी:

तिरकस, तुमचं ते काम करून बघितलं. रविवारी सेवेला येणार नाही असा मेसेज टाकला, कारण दिलं नाही. हात गार पडले होते टाकताना. आधी दोघींचे फोन, मग संध्याकाळी गुरूंचा स्वतःचा, माझा अहंकार वाढतोय, गुरूला नाही म्हणणाऱ्याची आधीची सगळी साधना वाया जाते वगैरे. आवाज चढला नव्हता उलट फार गोड होता. बाबा पण आधी गोडच बोलायचे. मी नेहमीसारखी चुकले चुकले म्हणणार होते आणि तेवढ्यात मला फोन धरलेला हात जाणवला, गरम झालेला फोन, आणि मी म्हटलं बरं, ठेवते.

ठेवला.

थेरपिस्टला हे सगळं दाखवणारे, चालेल ना तुम्हाला सगळ्यांना?

---

तिरकस:

दाखवा की. आणि त्या दोघींचे फोन काही दिवस उचलू नका, त्यांनाही तिथूनच सांगितलेलं असणार. तुमचा पत्ता, पैशाचे व्यवहार, कधी खाजगीत सांगितलेल्या गोष्टी, असं त्यांच्याकडे काय काय आहे याची एकदा यादी करून ठेवा. हे घाबरवायला नाही सांगत.

---

रातकिडा:

माझ्याकडून पण चालेल. जपाचं म्हणाल तर दोन-चार दिवस बसला नाहीत तरी काही बिघडत नाही, आणि बसलात तर मुलगा उठायच्या आधी संपवा, डोळे उघडे ठेवून.